सपाट पायांचा बाऊ नको, दुखण्याची हेळसांड नको

मागच्या वर्षावासात एका रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात पायांची तपासणी ठेवली होती. आपल्याच वस्तीतली एक मुलगी शिकून फिजिओथेरपिस्ट झाली आहे, तिने ती केली. आल्या आल्या तिने माणसांकडे पाहिलेच नाही. ती विहाराच्या पायरीशी बसली आणि तिथे पडलेल्या चपला-बुटांच्या ढिगातून एकेक जोड उलटा करून पाहू लागली. कुणाची टाच आतून झिजलेली, कुणाचा बूट आतल्या बाजूला कललेला. "हा बूट कुणाचा? या माणसाचा घोटा दुखत असणार," असे ती म्हणायची आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचे.

त्या दिवशी आमच्या लक्षात आले ते असे. सपाट पायांची भीती घेऊन आले होते ते लहान मुलांचे आईबाप आणि भरतीची तयारी करणारी पोरे. यांतल्या जवळजवळ कुणाचाच पाय दुखत नव्हता. आणि ज्यांचे पाय खरोखर दुखत होते, बारा-बारा तास उभे राहणारे, ते मागे भिंतीला टेकून बसले होते. "आमचं काय, कामानं दुखतात," म्हणत होते. पैसा आणि काळजी पहिल्या गटावर खर्च होत होती, दुसऱ्याला कुणी विचारतही नव्हते. आमचे म्हणणे असे की हे उलटे व्हायला हवे. पायाला आधार देणारा इनसोल दुखणाऱ्या पायासाठी आहे. पाऊल नुसते सपाट दिसते म्हणून तो कुणाच्या गळ्यात मारण्याचे कारण नाही.

आधी सपाट पाय म्हणजे काय ते पाहू. पाय ओला करून शहाबादी फरशीवर ठेवला की बहुतेकांच्या ठशात आतल्या बाजूला खाच दिसते. ती तळव्याच्या कमानीची. ज्याचा ठसा पूर्ण भरलेला येतो त्याचा पाय सपाट. तान्ह्या बाळांचे पाय तर सगळ्यांचेच सपाट असतात, कारण तळव्यात चरबीची गादी असते आणि सांधे सैल असतात. कमान हळूहळू, साधारण दहाव्या वर्षापर्यंत तयार होत जाते. काही जणांची मोठेपणीही फारशी तयार होत नाही आणि त्यांचे काही अडत नाही. ओल्या पायाच्या ठशापेक्षा महत्त्वाची खूण दुसरीच आहे. चवड्यावर उभे राहून टाचा उचला. त्या वेळी कमान दिसू लागली आणि टाच आत वळली, तर तो लवचिक सपाट पाय. बहुसंख्य सपाट पाय याच प्रकारचे असतात. टाचा उचलूनही पाय तसाच ताठ, सपाट राहिला, तर मात्र तो डॉक्टरांना दाखवायचा. त्यातही अकरा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलाचा पाय ताठ असेल आणि खेळल्यावर दुखत असेल, तर पायातली दोन हाडे जन्मतः जोडलेली असण्याची शक्यता असते. त्यासाठी एक्स-रे लागतो, दुकानातला इनसोल तिथे कामाचा नाही.

या पायांच्या मागे आणखी एक पीडा आहे, ती वैद्यकीय नाही. सामुद्रिकशास्त्राच्या नावाखाली सपाट तळव्याची मुलगी अशुभ ठरवली जाते. मुलगी बघायला आलेल्या बायका तिला ओल्या पायांनी चालायला लावत, ते कशासाठी, हे आपल्या आज्यांना विचारा. 'पांढऱ्या पायाची' ही शिवी याच कुळातली. गंमत अशी की पाली दीघनिकायातल्या लक्खण सुत्तात महापुरुषाची जी बत्तीस लक्षणे दिली आहेत, त्यांत पहिलेच लक्षण पाऊल जमिनीवर सपाट, सारखे टेकण्याचे आहे. म्हणजे एका परंपरेत जो पाय अवलक्षणी, दुसरीत तोच महापुरुषाचा. आम्ही अर्थातच दोन्ही लक्षणे बाजूला ठेवतो. पायाकडे पायासारखे पाहावे, तो दुखतो का आणि काम करतो का, एवढेच विचारावे. पण लग्नाच्या बाजारात कुणी सपाट पायावरून मुलीला नाव ठेवले, तर त्याच्या तोंडावर सांगायला हे उदाहरण बरे आहे.

आता लहान मुलांचे. त्या रविवारी एक ताई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या होत्या. शहरातल्या एका दुकानात मुलाला काचेच्या यंत्रावर उभे केले, पडद्यावर लाल-निळे तळवे दाखवले आणि आताच इनसोल घातले नाहीत तर पुढे गुडघे आणि कंबर जाईल, असे सांगितले. जोडाची किंमत साडेचार हजार. पायाची वाढ होईल तसा दर वर्षी नवा जोड. ताई चार घरची धुणीभांडी करतात. त्यांनी पैसे भिशीतून उचलले होते. मुलगा त्या वेळी विहाराच्या अंगणात पळापळी खेळत होता. त्याने टाचा उचलल्या तर छान कमान दिसली. त्याला काहीही झालेले नव्हते.

लवचिक आणि न दुखणाऱ्या सपाट पायाला इनसोलने कमान येते, याला आधार नाही. अमेरिकेत १९८९ साली वेंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. काही मुलांना खास बूट किंवा आतील आधार दिले, काहींना काहीच दिले नाही, आणि तीन वर्षे पाहिले. पाय सगळ्यांचेच सुधारले, सारखेच सुधारले, कारण मुले मोठी झाली. २०२२ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यातही न दुखणाऱ्या मुलांच्या बाबतीत इनसोलचा म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. आपल्या देशातला अभ्यास तर आणखी बोलका आहे. राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी चार ते तेरा वयाच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले, तो निबंध १९९२ चा. बूट-चप्पल वापरणाऱ्या मुलांत सपाट पायांचे प्रमाण ८.६ टक्के निघाले, अनवाणी मुलांत २.८ टक्के. बंद बूट घालणाऱ्यांत ते चप्पल-सँडलवाल्यांपेक्षा जास्त होते.

हे वाचून कुणी म्हणेल, मग मुलांना अनवाणीच फिरवा. तसे आम्ही म्हणणार नाही. आपल्या आजोबा-पणजोबांना गावच्या वाड्यासमोरून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. ज्यांच्या घरात ही आठवण आहे, त्या घरातली आई मुलाच्या पायात चांगला बूट घालू पाहते तेव्हा त्याचा अर्थ आम्हाला कळतो. रस्त्यावर काचा आहेत, खिळे आहेत, पावसाळ्यात गटाराचे पाणी आहे. तिथे पायात हवेच. पण घरात, विहाराच्या फरशीवर, मैदानाच्या मातीत मुलांना उघड्या पायांनी खेळू द्या, दोरीवर उड्या मारू द्या. साडेचार हजार वाचतील. मूल दुखतेय म्हणत असेल, लवकर थकून कडेवर घ्यायला सांगत असेल, रात्री पोटऱ्या चेपून मागत असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने आधार द्यावा आणि त्याने बरे वाटतेही.

आता मागे भिंतीला टेकून बसलेल्यांकडे येऊ. सुरक्षारक्षक, सफाई कामगार, दवाखान्यातल्या आया आणि परिचारिका, दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुली, घरोघर फिरणाऱ्या आशा ताई. कमानीला वर उचलून धरणारी एक कंडरा पोटरीतून खाली येते, घोट्याच्या आतल्या बाजूने वळसा घेते आणि पायाच्या मधल्या हाडांना चिकटते. पाय सपाट असेल आणि माणूस सिमेंटवर दहा तास उभा असेल, तर तिला सतत ताण. संध्याकाळी घोट्याच्या आतल्या बाजूला ठणका लागतो, तळवा पेटतो, पोटरी भरून येते. इनसोल इथे काय करतो? तो जमीन थोडी वर उचलून कमानीखाली आणतो, टाचेला वाटीत धरतो, आत कलंडू देत नाही. कंडरेचा भार हलका होतो. चष्म्याने डोळा बरा होत नाही, पण चष्मा असेपर्यंत दिसते, तसेच हे. इनसोल काढला की पाय होता तसाच. पण ज्याला उद्या पुन्हा बारा तासांची पाळी आहे, त्याच्यासाठी कामाच्या वेळेतला आराम ही छोटी गोष्ट नाही.

जुन्या मराठीत बुटाच्या आतल्या तळाला सुखतळा म्हणतात. किती नेमका शब्द आहे! पण सुखतळा सुख देईल तो चांगल्या बुटात. आमच्या ओळखीच्या एका रक्षक काकांनी चारशे रुपयांचा जेलचा इनसोल आणला आणि ठेकेदाराने दिलेल्या बुटात घातला. बूट नऊ नंबरचा, काकांचा पाय दहाचा. नऊ नंबरच संपवायचे होते म्हणून सगळ्यांना तेच वाटले होते. आत इनसोल घातल्यावर जागा आणखी कमी झाली, अंगठ्याचे नख काळे पडले, घोट्याचे दुखणे होते तिथेच. काकांनी इनसोल फेकून दिला आणि 'हे सगळं थोतांड' म्हणून मोकळे झाले. दोष इनसोलचा नव्हता, बुटाचा होता. त्याहून जास्त तो पाय न मोजता बूट वाटणाऱ्याचा होता.

म्हणून आधी बूट पाहा. संध्याकाळी खरेदी करा, कारण दिवसभरात पाय फुगतो. उभे राहिल्यावर पुढे अंगठ्याएवढी जागा हवी. टाचेमागचा भाग दाबून पाहा, तो कडक हवा. बूट दोन्ही हातांनी पिळा. पिळलेल्या फडक्यासारखा वळला तर ठेवून द्या. तो फक्त बोटांच्या जागी वाकला पाहिजे. मूळचा आतला तळ निघणारा असला तर उत्तम, कारण तो काढूनच नवा इनसोल घालायचा, त्यावर चढवायचा नाही. इनसोल अंगठ्याने दाबा. कमानीचा उंचवटा पूर्ण चेपला गेला तर ती नुसती गादी आहे, आधार नाही. दगडासारखा कडक असेल तर तळव्याला टोचेल. मधला घ्या. पहिल्या दिवशी तासभर, मग रोज थोडे वाढवत आठ-दहा दिवसांत पूर्ण वेळ घाला. सुरुवातीला थोडे अवघडल्यासारखे वाटते. पण गुडघा किंवा कंबर नव्याने दुखू लागली, फोड आला, तर थांबा आणि बदला. कमान चेपली, कापड फाटले की इनसोल संपला. रोज वापरणाऱ्याचा तो वर्षभर टिकला तरी पुष्कळ.

महागडा, मापाचा बनवून घेतलेलाच इनसोल लागतो का? बहुतेकांना नाही. ऑस्ट्रेलियात टाचदुखीच्या रुग्णांवर २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तयार इनसोल आणि मापाचा इनसोल यांत ठळक फरक दिसला नव्हता. आधी काही शे रुपयांचा तयार इनसोल दीड-दोन महिने वापरून पाहावा. त्याने भागले नाही, पाय फारच वाकडा असला किंवा मधुमेह असला, तर मापाचा. तोही आधी सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात विचारून घ्यावा. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, तिथे असे आधार बनवले जातात. आणि आपले गटई कामगार विसरू नका. कमानीखाली चिकटवायचा उंचवटा, टाचेच्या आतल्या बाजूला पाव इंचाची पट्टी, झिजलेली टाच सरळ करणे ही कामे चौकातल्या पत्र्याच्या स्टॉलवर बसलेला कारागीर तासाभरात करतो. फिजिओथेरपिस्टने कुठे आणि किती ते खडूने आखून द्यावे, बाकीचे त्याच्या हाताला ठाऊक आहे. हे कसब आपल्या शेजारी असताना यंत्राच्या पडद्यावरचे लाल-निळे रंगच तेवढे शास्त्र, असे मानायचे कारण नाही.

एका गोष्टीवर मात्र बाजारातल्या कुठल्याच इनसोलकडे उत्तर नाही. घरकामगार ताईंचे पाय. त्या सकाळी सातला चप्पल घालून निघतात आणि प्रत्येक घराच्या दारात ती काढतात. पुढचे दोन तास गुळगुळीत, ओल्या टाइल्सवर अनवाणी. मग दुसरे दार, पुन्हा तेच. दिवसातले आठ तास उभ्याचे आणि आठही तास उघड्या पायांचे. त्यांना इनसोल घ्या सांगणे म्हणजे थट्टा. त्या रविवारी सर्वांत वाईट घोटे त्यांचेच होते. आम्ही त्यांना एवढेच सुचवले की घरात वापरायची वेगळी, स्वच्छ, मागे पट्टा असलेली आणि कमानीला उंचवटा असलेली सँडल पिशवीत ठेवा, आणि 'डॉक्टरांनी सांगितलंय' म्हणून मालकिणीकडे मागणी करा. तिघींनी केली. दोन घरांत चालले. एका घरात 'आमच्याकडे पायात घालून फिरत नाहीत' असे उत्तर आले, आणि त्याच वेळी घरातली मंडळी स्लिपर घालून फिरत होती. यावर आम्ही काय बोलावे? घरकामगार संघटनांनी पगार आणि सुट्टीच्या बरोबरीने पायातल्या सँडलचा मुद्दाही घ्यावा, असे आम्हाला वाटते.

इनसोलसोबत व्यायाम हवाच, त्याला पैसे लागत नाहीत. भिंतीला हात टेकून पोटरी ताणणे, टाच जमिनीला चिकटवून, तीस मोजेपर्यंत. पोटरी आखडली की कमान आणखी खाली दबते. चवड्यांवर वर-खाली, दहा-पंधरा वेळा. आणि तिसरा म्हणजे बोटे न मुडपता चवडा टाचेकडे ओढून कमान उचलायची, पाच मोजून सोडायची. हा बसस्टॉपवर उभ्या उभ्याही जमतो. महिना-दीड महिना नेमाने केल्यावर फरक कळतो. चार दिवसांत सोडणाऱ्यांनी तक्रार करू नये.

दोन बाबतींत इनसोल शोधत बसू नका, थेट डॉक्टर गाठा. पहिली, चाळिशी-पन्नाशीनंतर एकच पाय हळूहळू सपाट होत जाणे. घोट्याच्या आतून सूज, त्या एका पायाच्या चवड्यावर उभे राहता न येणे, मागून पाहिले तर त्या पायाची बोटे बाहेरच्या बाजूला जास्त दिसणे. ही ती कंडरा निकामी होत चालल्याची खूण आहे. वजन जास्त असलेल्या, मधुमेह वा रक्तदाब असलेल्या बायकांत हे अधिक आढळते. लवकर आधार दिला तर थांबवता येते, उशीर झाला तर शस्त्रक्रिया.

दुसरी बाब त्याहून गंभीर. आमच्या एका मावशींना मधुमेह होता. एक पाय सुजला, लाल झाला, हाताला गरम लागू लागला, पण दुखत फारसा नव्हता. एका दवाखान्यात मुरगळला म्हणून गोळ्या दिल्या, दुसरीकडे जंतुसंसर्ग म्हटले. पाय दुखत नाही म्हणून मावशी चालत राहिल्या. दोन महिन्यांत तळवा खाली फुगून आला आणि मग तिथे जखम. याला शार्को फूट म्हणतात. मधुमेहाने संवेदना गेलेल्या पायातली हाडे आतल्या आत मोडतात आणि माणूस त्यावर चालत राहतो. मधुमेही माणसाचा एक पाय अचानक गरम आणि सुजलेला दिसला, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या, त्या पायावर भार देऊ नका. ज्यांच्या पायाला मुंग्या येतात, खडा टोचलेला कळत नाही, त्यांनी कडक इनसोल कधीच वापरू नये. त्यांच्यासाठी एमसीआर रबराची मऊ चप्पल असते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी या रबराच्या पादत्राणांवर मोलाचे काम केले. आज मधुमेहींनाही त्याचा उपयोग होतो.

राहिली भरतीची पोरे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीच्या जाहिरातीत सपाट पाय हा अपात्रतेचा मुद्दा स्पष्ट लिहिलेला असतो. तपासणी उघड्या पायांची, तिथे इनसोल चालत नाही, आणि 'सहा महिन्यांत कमान आणतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. लष्करातल्या अधिकारी भरतीच्या निकषांत मात्र टाचा उचलल्यावर कमान दिसत असेल, पाय लवचिक आणि वेदनारहित असेल, चवड्यावर उड्या मारता-पळता येत असेल, तर उमेदवार पात्र धरला जातो. आम्हाला हाच निकष रास्त वाटतो आणि तो शिपायाच्या भरतीलाही लावावा. कॅनडाच्या सैनिकांच्या पायांची १९४७ सालची हॅरिस आणि बीथ यांची पाहणी हेच सांगते की लवचिक सपाट पाय हा दोष मानू नये. अमेरिकेत २४६ पायदळ प्रशिक्षणार्थींवर झालेल्या, १९९३ मध्ये छापलेल्या अभ्यासात तर सर्वांत सपाट पायवाल्यांना दुखापती कमी झाल्या, उंच कमानवाल्यांना जास्त. आपल्या पोरांनी अर्ज करण्याआधीच जिल्हा रुग्णालयात पाय दाखवून घ्यावा. नाकारले गेल्यास पुनर्तपासणीची मुदत चुकवू नये. दोन-तीन वर्षे अकादमीची फी भरून शेवटच्या दिवशी हे कळणे फार क्रूर असते.

उभे राहणाऱ्यांसाठी एक मागणी सर्वांनी मिळून करायला हवी. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा देणे कायद्याने बंधनकारक केले. दुकानाच्या गल्ल्यामागे, इमारतीच्या फाटकाशी एक खुर्ची असणे हा कुठल्याही इनसोलपेक्षा मोठा उपचार आहे. आणि ठेकेदार बूट देणार असेल, तर त्याने आधी कामगाराला कागदावर उभे करून पेन्सिलीने पाय आखून घ्यावा. याला खर्च एका कागदाचा.

पायांची पुढची तपासणी पौर्णिमेनंतरच्या रविवारी, वंदना संपल्यावर विहारातच आहे. येताना रोज कामावर घालता तेच बूट-चप्पल घालून या. नवे नकोत.